देवी हातावरून ओळखावी

आज एका मूर्तीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल. मास्तराने आपली चूक चारचौघांत सांगू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. पण ही चूक आणखी कितीतरी गुरुजींच्या हातून रोज घडत असेल, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी हरसूलच्या मुलांची सहल घेऊन मी नाशिकच्या पांडवलेण्यांत गेलो होतो. पायऱ्या चढून पोरे दमली होती. शेवटाकडच्या तेवीस क्रमांकाच्या लेण्यात आम्ही सावलीला टेकलो. गाभाऱ्यात मोठी बुद्धमूर्ती, आजूबाजूला इतर मूर्ती, आणि त्यांत काही बायकांच्या. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, ही कोण?” मी जास्त विचार न करता म्हणालो, “अगं, लेणी पांडवांची. मग ही द्रौपदीच असणार.” पोरगी गप्प बसली नाही. म्हणाली, “पण गुरुजी, हिच्या हातात काय धरलंय?”

खरे सांगतो मंडळी, मी हाताकडे पाहिलेच नव्हते.

ती पुढे म्हणाली, “आमच्या बोहाड्यात सोंग कुणाचं ते हातावरून आणि वाहनावरून कळतं.” तुम्हांला ठाऊकच आहे, आपल्या हरसूल, मोखाडा, जव्हारच्या पट्ट्यात होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. संबळ वाजतो, मशाली पेटतात, आधी गणपती येतो, मग मोरावरची सारजा येते, आणि पुढे रात्रभर एकामागून एक सोंगे नाचून जातात. सारजा कशावरून? मोरावरून. ज्या पोरीने लहानपणापासून हे पाहिले, तिला मूर्ती कशी वाचायची हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मला फक्त पाटीवरचे नाव ठाऊक होते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी शोध घेतला, आणि जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

पहिली गोष्ट अशी की, पांडवलेण्यांचा आणि पांडवांचा काही संबंध नाही. त्रिरश्मी नावाच्या डोंगरातली ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास काम सुरू झाले आणि पुढे काही शतके चालू राहिले. ती कुणी खोदविली ते भिंतींवर कोरून ठेवले आहे. तिसरे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, म्हणजे गौतमी बलश्रीने दान दिले. उषवदात नावाच्या राजजावयाने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी गोवर्धन येथील विणकरांच्या संघाकडे दोन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. मुद्दल तसेच राहायचे आणि व्याजातून कापड यायचे. आणि अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या दारावर काय लिहिले आहे म्हणाल? धंभिक नावाच्या गावाचे हे दान, असे लिहिले आहे. एका राजाचे नव्हे, गावाचे! दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाने वर्गणी काढून दगडाचे दार घडविले. अशा लेण्यांना पांडवांचे नाव देणे म्हणजे धंभिकच्या गावकऱ्यांचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेणे होय.

पहिली लेणी झाली तेव्हा त्यांत मूर्ती नव्हत्या. बुद्धाची खूण स्तूप, चक्र, बोधिवृक्ष यांनी दाखवीत. पुढे काही शतकांनी महायान पंथाचे भिक्षू आले, त्यांनी जुन्या लेण्यांत फेरफार केले आणि मूर्ती कोरल्या. तेविसाव्या लेण्यातल्या त्या स्त्रीमूर्तींना अभ्यासकांनी तारा, लोचना आणि मामकी या बौद्ध देवता म्हणून ओळखले आहे. तेव्हा आमच्या पोरीच्या प्रश्नाचे उत्तर द्रौपदी नव्हते. तारेच्या कुळातले होते.

आता ही तारा कोण?

‘तृ’ म्हणजे तरणे, पार होणे. जी पार नेते ती तारा. आकाशातली तारा रात्री नावाड्याला दिशा दाखविते, तोही अर्थ या नावात आहेच. अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व. जगाचे दुःख पाहून त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळला आणि त्यातून ही जन्मली, अशी एक कथा आहे. दुसरी कथा तारानाथ या तिबेटी पंडिताने १६०४ मध्ये लिहून ठेवली आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. ज्ञानचंद्रा नावाची एक राजकन्या होती. तिने फार मोठी साधना केली. तेव्हा भिक्षू तिला म्हणाले की, आता पुढच्या जन्मी पुरुषाचा देह मिळावा अशी प्रार्थना कर, म्हणजे तुझे काम पुरे होईल. तिने उत्तर दिले की, बाई आणि पुरुष हा भेद मुळात खरा नाही. पुरुषाच्या देहाने बोधी मिळवू पाहणारे पुष्कळ आहेत, बाईच्या देहाने झटणारे थोडे. म्हणून जगातले शेवटचे दुःख संपेपर्यंत मी बाईच राहीन आणि बाईच्याच देहाने काम करीन. तीच पुढे तारा झाली.

गुरुजनहो, ही कथा वर्गात जरूर सांगा. ‘पोरीला शिकवून काय करायचे?’ असे विचारणारा एखादा तरी बाप अजून गावात भेटतो. त्याला द्यायला हे उत्तर बरे आहे.

आता मूर्तीकडे या. तारेची मूर्ती कशी ओळखावी? तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे श्यामतारा. उजवा हात गुडघ्यावर, तळवा समोर उघडा, बोटे खाली: ही वरद मुद्रा, म्हणजे देण्याची मुद्रा. डाव्या हाती निळ्या कमळाचा देठ. फूल खांद्याशी उमललेले. डावा पाय मांडी घातल्यासारखा दुमडलेला. आणि उजवा पाय? तो खाली सोडलेला असतो, बहुधा एका लहानशा कमळावर टेकलेला.

या पायाकडे नीट पाहा. आपल्या घरात आजी ओसरीवर बसते तेव्हा एक पाय दुमडून एक पाय खाली सोडून बसते, होय ना? का? तर पोर रडले, दूध उतू गेले, गाय सुटली, तर चटकन उठता यावे म्हणून. तारेचा पायही तसाच आहे. ती ध्यानात बसली आहे, पण हाक आली तर उठायला तयार आहे. सगळी मूर्ती त्या एका पायात सांगितली आहे म्हणा ना!

श्वेततारा असेल तर दोन्ही पाय दुमडलेले असतात आणि तिला सात डोळे असतात: तीन चेहऱ्यावर, दोन तळहातांवर, दोन तळपायांवर. हाताने देताना आणि पायाने चालतानाही पाहावे, आंधळेपणाने काही करू नये, असा त्यातला बोध घेता येईल.

तारा आठ भयांतून सोडविते, असे सांगतात. सिंह, हत्ती, अग्नी, साप, चोर, बेडी, पाणी आणि पिशाच्च ही ती आठ भये. जुन्या काळी तांडे घेऊन घाट उतरणाऱ्या व्यापाऱ्यांना यांतले प्रत्येक भय खरे होते. छत्रपती संभाजीनगर शहराजवळ जी औरंगाबाद लेणी आहेत, त्यांतल्या सातव्या लेण्यात ही भये आणि त्यांत सापडलेली माणसे कोरली आहेत. तिथे मध्यभागी अवलोकितेश्वर उभा आहे. मुंबईजवळ कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही असाच देखावा असून त्याच्या बाजूला तारा आहे. आधी तारा अशी बाजूला उभी होती. पुढे लोकांनी तिलाच हाक मारायला सुरुवात केली.

पण जाणत्या बौद्ध आचार्यांनी या आठ भयांचा दुसराही अर्थ लावला आहे. सिंह म्हणजे गर्व, हत्ती म्हणजे अज्ञान, अग्नी म्हणजे राग, साप म्हणजे मत्सर, चोर म्हणजे खोटी मते, बेडी म्हणजे कंजूषपणा, पूर म्हणजे आसक्ती आणि पिशाच्च म्हणजे संशय. हे आठही प्राणी आपल्याच अंगणात बांधलेले असतात! बाहेरच्या सापाला मात्र मूर्ती चालत नाही, हेही सांगून ठेवतो. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठावा. देवीसुद्धा एक पाय खाली सोडून बसते. आपण उठायला आळस का करावा?

मग ही मूर्ती देव्हाऱ्यात किंवा ध्यानाच्या जागी कशासाठी ठेवतात? नेपाळ, तिबेट, लडाख या भागांत साधक मूर्तीपुढे बसतो आणि तिचे एकेक अंग मनात उतरवितो: हात, कमळ, मुखावरचा भाव. मग डोळे मिटून तीच मूर्ती मनात उभी करतो. जो गुण मूर्तीत पाहिला तो आपल्यात यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. शेवटी मनातली मूर्तीही विरघळू द्यायची असते. म्हणूनच कारागिराने हात वाकडा केला तर साधकाच्या मनातही तो वाकडाच उतरणार. तोंडाची लांबी म्हणजे एक ताल, तालाचे बारा अंगुळे, असे माप धरून मूर्ती घडविण्याचे शास्त्र आहे ते यासाठी. देवतांची ही वर्णने ‘साधनमाला’ या संस्कृत ग्रंथात एकत्र केलेली आहेत. तो ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२५ आणि १९२८ साली दोन भागांत छापला गेला. आणि ज्यांच्या नावाची ती ग्रंथमाला, ते सयाजीराव महाराज आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे! बघा, धागा फिरून कुठे येतो.

आता मूर्ती घडते कशी ते सांगतो. नेपाळात काठमांडूला लागून पाटण नावाचे शहर आहे. तिथली शाक्य घराणी पिढ्यानपिढ्या तांब्याच्या मूर्ती ओततात. रीत जुनी आहे आणि आपल्या देशातही होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणावरून मूर्ती ओतण्याची कृती लिहून ठेवली आहे.

आधी मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून ते ऊबेवर मऊ करतात आणि त्याची मूर्ती हाताने घडवितात. बोटे, कमळाची पाकळी, गळ्यातला हार, सारे मेणाचे. मग तिच्यावर शेण आणि बारीक माती यांचा पातळ लेप देतात. तो सुकला की दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी भाताचा तूस मिसळलेल्या मातीचा जाड थर. सावलीत दिवसच्या दिवस वाळवितात; घाई केली की तडा गेलाच. वाळल्यावर माती तापवितात, मेण वितळून भोकातून बाहेर पडते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात तांब्याचा रस ओततात. थंड झाल्यावर मातीचा साचा फोडतात. साचा एकदाच उपयोगी पडतो. म्हणून अशा दोन मूर्ती कधीही तंतोतंत सारख्या होत नाहीत.

वर्गात घेण्याजोगे एक गणित यात आहे. तांबे हे मेणापेक्षा सुमारे नऊपट जड. तेव्हा मेणाची मूर्ती एक किलो भरली, तर तांबे किती लागेल? मुलांना विचारा. नऊ किलोंहून थोडे अधिक, हे उत्तर आले पाहिजे. कारागीर आधी मेण तोलतो आणि मगच तांबे वितळवितो, ते याच हिशेबाने.

ओतल्यावर खरे काम सुरू होते. छिन्नी आणि ठसे घेऊन कारागीर आठवडेच्या आठवडे दागिने, वस्त्राची किनार, केसांच्या बटा उठवितो. मग सोन्याचा मुलामा. सोने पाऱ्यात कालवून मूर्तीला चोपडतात आणि आच देतात. पारा उडून जातो, सोने राहते. पण हा पाऱ्याचा धूर फार विषारी असतो. देव्हाऱ्यातली चकाकी कुणाच्या तरी छातीवर बेतलेली असू शकते, हे घेणाऱ्याने विसरू नये. शेवटी मूर्तीच्या पोकळीत मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या आणि धान्य भरून तळ पत्र्याने बंद करतात, आणि डोळे रंगवून उघडतात. तोवर ती वस्तू. त्यानंतर ती तारा.

हे ऐकून तुम्हांला काही आठवले का? बोहाड्याचा मुखवटा करणारा माणूसही मातीचा आकार करतो, त्यावर कागदाचे थर चढवितो, वाळवितो, रंगवितो. सोनार देव्हाऱ्यातला टाक पत्र्यावर ठोकून उठवितो. वाघदेवाचा लाकडी खांब आपल्या पाड्यांवर कोरतात. पाटणच्या शाक्याचे आणि हरसूलच्या मुखवटेवाल्याचे कूळ वेगळे असेल, पण हातांची जात एकच. फरक एवढाच की त्यांच्या हाताला बाजार मिळाला आणि आपल्या हाताला अजून पुरता मिळालेला नाही.

आता काही जण विचारतील, “मास्तर, ही देवी आज आमच्या कामाची काय?” प्रश्न रास्त आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्यातून महाराष्ट्राच्या घराघरांत जो धम्म आला, त्यात देवदेवतांच्या पूजेला स्थान नाही. तिथे बुद्धाची मूर्ती असते आणि बाबासाहेबांची तसबीर असते. तारेला नवस बोला, असे सांगायला मी आलेलो नाही. पण जी मूर्ती आपल्या जिल्ह्याच्या डोंगरात शतकानुशतके बसली आहे, तिचे खरे नाव तरी आपल्याला ठाऊक असावे. तिबेटातून आलेल्या निर्वासितांची एक वसाहत १९७२ पासून गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. तिबेटी लोकांत तारेची प्रार्थना नित्याची आहे. म्हणजे जी तारा आपल्या लेण्यांत होती आणि जिला आपण विसरलो, ती हिमालय ओलांडून गेली आणि लोकांच्या ओठांवर बसून परत महाराष्ट्रात आली.

आणि नाव विसरल्याने काय होते? वेरूळचे दहावे लेणे बौद्ध चैत्यगृह आहे. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणत आले. त्यात प्रेम आहे, कारागिरांचा मान आहे, ते मला आवडतेही. पण जिथे नाव नाही आणि प्रेमही नाही, तिथे खिळ्याने बदाम कोरले जातात, खडूने नावे लिहिली जातात, नाकाडोळ्यांवर तेलशेंदराचे थर चढतात. दगड तेल पितो, मळ धरतो आणि मुद्रा बुजतात. मग पुढच्या पोरीने ‘हातात काय आहे?’ विचारले तर दाखवायला हातच उरत नाही.

म्हणून चार गोष्टी सांगून पुरे करतो.

एक: शाळेची सहल लेण्यांत नेली तर नाव सांगण्याची घाई करू नका. आधी मुलांना विचारा: हात कसे आहेत, पाय कसा आहे, वाहन कोणते? वेरूळच्या सहाव्या लेण्यात महामायूरी आहे. तिच्याजवळ मोर आहे आणि खाली एक जण पोथी वाचीत बसला आहे. आपली पोरे तिला बघताच ‘सारजा!’ म्हणतील. म्हणू द्या. मग दोघींत सारखे काय आणि वेगळे काय, ते त्यांनाच शोधू द्या.

दोन: सहलीहून आल्यावर मातीची तारा करवून घ्या. उजवा तळवा उघडा, डाव्या हाती देठ, उजवा पाय खाली. मूर्ती ओबडधोबड झाली तरी चालेल. ज्याने हाताने हात घडविला, तो दुसऱ्याने घडविलेल्या हातावर खिळा ओढणार नाही.

तीन: नांगरताना किंवा विहीर खणताना जुनी मूर्ती लागली तर ती विकू नका, घरात नेऊन पुजू नका, ब्रशने घासू नका. जागा तशीच ठेवून तहसीलदार कचेरीत कळवा. जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचा कायदा १८७८ चा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती परदेशी नेण्याची खाजगी माणसाला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. आणि संरक्षित लेण्यात नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१० पासून आहे.

चार: कुणाला घरी ध्यानासाठी मूर्ती हवीच असेल, तर नवी घ्या, पण हाताने घडविलेली घ्या. ओळखायची कशी? मूर्तीची पाठ बघा. साच्यातून शेकड्याने काढलेल्या मूर्तीला बाजूने जोडाची रेघ असते आणि पाठ बोडकी असते. हाताच्या कामात वेणी, गाठ, किनार पाठीमागेही केलेली असते, जिथे कुणी पाहणार नाही तिथे. बोटे एकमेकांपासून सुटी असतात. आणि भाव करताना घासाघीस कमी करा. त्यात किती दिवस गेले ते आता तुम्हांला ठाऊक आहे.

त्या सहलीनंतर दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात उभा राहून सांगितले की, मुलांनो, त्या दिवशी मी चुकलो. ती द्रौपदी नव्हती. वर्गात थोडे हसू झाले. मग त्या मुलीने विचारले, “मग गुरुजी, परत कधी जायचं बघायला?”

गुरुजनहो, सहल नेणार असाल तर पावसाळा संपू द्या, पाण्याच्या बाटल्या घ्या आणि शेवटच्या लेण्यांपर्यंत जा. तिथे पोहोचल्यावर दोन मिनिटे काही बोलू नका. पोरांना हात बघू द्या.